न सांगता बदललेली सून

कर्जत-चौक रस्त्याला एका स्टुडिओत मालिकेचं शूटिंग चालायचं. त्या मालिकेचं शिलाईकाम मी चार वर्षं केलं. पत्र्याची खोली, एक मशीन आणि मालिकेतल्या घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज. त्या घरातली मोठी सून म्हणजे मालिकेची नायिका. ती भूमिका करणारी मुलगी अकोल्याकडची, सव्वीस वर्षांची. सेट जवळ पडावा म्हणून शेलूच्या नव्या इमारतीत भाड्याने राहायची. मला काकू म्हणायची. बाकीच्या जणी माप देतानाही फोनवर असायच्या. ही स्टुलावर बसून हुक लावू लागायची.

पावसाळा संपता संपता तिला अपघात झाला. मालिकेतल्या घराचा जिना प्लायवूडचा, वर संगमरवरी नक्षीचा कागद चिकटवलेला. आरतीचं ताट घेऊन ती उतरत होती आणि एक पायरी आत गेली. तिचं ओरडणं मला माझ्या खोलीत ऐकू आलं. पनवेलला ऑपरेशन झालं, नडगीत स्टीलची पट्टी बसवली. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने पायावर भार द्यायचा नाही. तिची आई गावाहून आली. मालिकेत सून माहेरी गेल्याचं दाखवलं, आणि निर्मात्यांकडून तिला निरोप गेला, "तुमची जागा कुठे जात नाही. फक्त दिवाळीआधी उभ्या राहा."

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी कपड्यांचं खातं सांभाळणारे ड्रेसदादा माझ्या खोलीत आले. हातात तिच्या ब्लाउजांचं गाठोडं.

"दीड-दीड इंच सोडा सगळे. बाह्या थोड्या आखूड."

"तिचं अंग भरलं का इतकं?"

त्यांनी दार लोटून घेतलं. "दिवाळीपर्यंत थांबायचं नाही असं वरून ठरलंय. दुपारी एक मॅडम येतील, त्यांचं माप घ्या. आणि काकू, ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये. त्या शेलूवाल्या पोरीच्या कानावर तर अजिबात नको."

ब्लाउज शिवताना आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. त्या दिवशी मी अकरा ब्लाउजांची माया सोडली. जुन्या शिलाईची भोकं रेशमावर दिसत राहिली. ती नखाने घासून बुजवत बसले. दुपारी आलेली मुलगी साधी होती, घाबरलेली होती. तिलाही कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलेलं.

चहाच्या वेळी मी दिग्दर्शकांना विचारलं, "सर, लोकांना आधी सांगणार का?"

"सांगितलं की लोक रुसतात, काकू. बघायच्या आधीच नको म्हणतात. न सांगता समोर आणली की चार दिवस कुरकुरतात, मग सवय होते."

"आणि तिला?"

"तिला कळवलं तर ती पाच मिनिटांत मोबाइलवर टाकेल. मग लोकांनाही कळलंच."

त्यांच्या बोलण्यात चूक काढता येईना. मी कप विसळून ठेवला.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "काकू, माझा मोरपंखी ब्लाउज दंडात घट्ट व्हायचा, तेवढा बघून ठेवा ना. मी येतेय लवकरच."

"ठेवते," मी म्हटलं. मोरपंखी माझ्या मांडीवरच होता, दुसरीच्या मापाचा.

रविवारी वालाचं बिरडं डब्यात भरून मी शेलूला गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले होते. तिने दार स्वतः उघडलं. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या.

"बघा हं काकू," ती म्हणाली आणि खिडकीपर्यंत चालत गेली. मग परत. कपाळावर घाम, खालचा ओठ दातांत. "डॉक्टर नको म्हणतात. पण मी रोज वीस फेऱ्या मारते. दिवाळीआधी जायचंय ना."

तिची आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ऐकतच नाही हो. तुम्ही तरी सांगा."

सांगायला यापेक्षा सरळ संधी मिळणार नव्हती. मला माझी पत्र्याची खोली आठवली, मुलीच्या कॉलेजची फी आठवली. मी म्हटलं, "जरा बेताने घ्यावं." एवढंच बोलले आणि डबा रिकामा करून घेऊन निघाले.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी घरी सासूबाई नेहमीसारख्या टीव्हीसमोर बसल्या होत्या. मालिकेत सून माहेरून परतली. उंबरा ओलांडला, पदर सावरला, आणि चेहरा वर केला. ही भूमिका आता दुसरी कुणी करतेय, अशी एक ओळदेखील पडद्यावर खाली आली नाही.

"आगं, ही कोन?"

"नवीन आहे, आई."

"नि आपली कुठं गेली?"

"पाय मोडला तिचा."

"मंग तसं सांगाया नको? घरातलं मानूस बदललं नि कोन काय बोलत पन नाय! सासू तिला ववाळते कशी बघ!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. तिचंच नाव. मी तो हातात धरून बसले. थांबला, पुन्हा वाजला. सासूबाई म्हणाल्या, "घे की गं." मी घेतला नाही.

दिग्दर्शकांचा अंदाज खरा निघाला. प्रेक्षक घटले नाहीत. सासूबाई आठवडाभर नव्या सुनेला "ती दुसरी" म्हणाल्या, आणि दिवाळी सरायच्या आत "आपली" म्हणू लागल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना रोज साडेसातला एक सून हवी होती, ती मिळत होती.

पंधरा दिवसांनी मी धीर करून शेलूला गेले. फ्लॅटला कुलूप. वॉचमन म्हणाला, "मायलेकी गावाला गेल्या. मॅडमच्या पायातली पट्टी सरकली म्हणे. उचलूनच गाडीत बसवलं आम्ही."

स्टेशनवर बाकावर बसून मी फोन लावला. तिने उचलला.

"पाय कसा आहे गं?"

"दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. आता थोडा आखूड राहील." मग तिने शांतपणे विचारलं, "काकू, तुम्हाला कधी कळलं होतं?"

"तुझे ब्लाउज सोडायला आणले तेव्हा."

"म्हणजे मी तुम्हाला चालून दाखवलं, त्याच्या आधी."

"हो."

मागे तिच्या आईचा आवाज येत होता, औषधाची वेळ झाल्याचं सांगत होती.

"एवढं सांगितलं असतंत तर मी झोपून राहिले असते," ती म्हणाली. "बाकी काही नाही." आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने माझा फोन कधी घेतला नाही.

मालिकेतलं माणूस बदलल्याचं प्रेक्षकांना सांगावं की नाही, यावर सेटवर अजूनही वाद होतात. दोन्ही बाजूंनी बोलणारे शहाणे असतात. मी त्यात पडत नाही. माझ्यापुरता प्रश्न प्रेक्षकांचा कधी नव्हताच.

गेल्या वर्षी तसंच एक गाठोडं पुन्हा माझ्यासमोर आलं, दुसऱ्या मालिकेतल्या मुलीचं. मी ड्रेसदादांना म्हटलं, "आधी तिला सांगा. मग मी कात्री लावते." ते गाठोडं उचलून घेऊन गेले. कपडे खोपोलीच्या एका शिंप्याकडे गेले आणि दोन दिवसांत शिवून आले. त्या मुलीला कुणी सांगितलं नाही. मीही नाही, तिचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि मी तो मिळवायला गेले नाही.