न पाहिलेली घरं

दौलतदादा गेला तो सटाण्याच्या बसस्टँडवर, बाकावर बसल्या बसल्या. नामपूरला बहिणीला भेटून तो नाशिकला परत निघाला होता. त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी दहावीचे पेपर तपासत होते. "आत्या, पप्पा बसले होते, ते उठलेच नाहीत," एवढंच तो म्हणाला. खरं सांगायचं तर, दादाच्या जाण्यापेक्षा त्याच्या बसण्यावरच माझा विश्वास बसेना. इतक्या वर्षांत मी त्याला निवांत बसलेला पाहिलाच नव्हता. आमच्याकडे आला की चहासुद्धा दारात उभ्यानंच घ्यायचा, आणि कप खाली ठेवायच्या आत चप्पल पायात...

दादा माझा आतेभाऊ. आयटीआयला वायरमनचा कोर्स करायला नामपूरहून नाशिकला आमच्या घरी राहायला आला तेव्हा मी शाळेत होते. कोर्स झाला म्हणजे झालं, असं आम्हाला वाटलं होतं. तसं नव्हतं. आधी परवाना असलेल्या ठेकेदाराच्या हाताखाली उमेदवारी, मग वायरमनचा परवाना, मग आणखी काही वर्षांचा अनुभव, मग सुपरवायझरची परीक्षा. तिथं तोंडी प्रश्नांना अडखळून तो एकदा नापास झाला. प्रश्न मराठीत आला तरी उत्तर अहिराणीत आठवतं, म्हणायचा. दुसऱ्यांदा पास झाला आणि पुढं स्वतःचं ठेकेदारीचं लायसन मिळालं, तेव्हा वहिनींनी त्या सरकारी शिक्क्याच्या कागदाला काच लावून तो देवघराशेजारी टांगला. आमच्या दोन्ही घरांत असा कागद कुणाकडेच नव्हता.

ती वर्षं नाशिक चहूकडे पसरण्याची. सिडकोच्या पलीकडे, पाथर्डी फाट्याकडे, गंगापूर रोडला, जिथं पाहावं तिथं बांधकाम. नव्या घराला मीटर हवं तर लायसनदार ठेकेदारानं फिटिंग तपासून टेस्ट रिपोर्टवर सही करावी लागे. प्रत्यक्षात कामं करत ती बघून बघून शिकलेली माणसं. त्यांच्याकडे परवाना नसायचा. मग ती कागद घेऊन दादाकडे येत. सुरुवातीला तो मेगर घेऊन प्रत्येक घरी जाऊन यायचा. वायरीतून वीज कुठं झिरपत नाही ना, हे त्या यंत्रावर कळतं. पुढं कामं वाढली, ओळखी वाढल्या आणि सह्या चहाच्या टपरीवर व्हायला लागल्या. सगळेच तसं करायचे, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे.

पाथर्डी फाट्याजवळच्या एका रो-हाउसचं काम रामदासनं केलं होतं. हा पेठ तालुक्याकडचा, कामाला झपाट्याचा माणूस, पण परवाना नाही. त्या घरातल्या सुमनताईंना पाण्याची मोटर सुरू करताना जबर झटका बसला. जिवावरचं हातावर निभावलं, पण उजव्या हाताची बोटं कायमची आखडली. बिघाड झाला तर वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी, यासाठी अर्थिंगची तार घालतात. त्या घरात ती तार भिंतीतून खाली आली होती आणि प्लास्टरमध्येच संपली होती. जमिनीपर्यंत पोचलीच नव्हती. रिपोर्टवर मात्र अर्थिंग व्यवस्थित असल्याचं लिहिलेलं, आणि खाली दादाची सही.

मोटर जुनी होती, म्हणून सगळ्यांनी दोष मोटरला दिला. दादाला कुणी काही विचारलं नाही. त्याला कळलं ते घाबरलेल्या रामदासकडूनच. दादा भर दुपारी माझ्याकडे आला आणि खोलीत येरझाऱ्या घालत सगळं सांगून मोकळा झाला. मी म्हटलं, चूक रामदासची, घर त्या लोकांचं, तू का जीव जाळतोस? तो थांबला. फार अस्वस्थ झाला की त्याच्या तोंडी गावाकडची बोली यायची.

"घर त्यासनं शे," तो म्हणाला, "पन सही मनी शे."

दुसऱ्या दिवशी तो मला बरोबर घेऊन सुमनताईंकडे गेला. ओळख करून दिली आणि आपण कोण ते स्पष्ट सांगितलं. त्यांच्या सासूबाईंनी पाणी दिलं. सुमनताईंनी डाव्या हातानं पदर सावरत शांतपणे विचारलं, "तुम्ही आमचं घर पाहिलं होतं?"

"नाही."

"मग सही कशाची केली?"

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, असं दादा नंतर कितीदा तरी म्हणाला. त्या दिवशी त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या, कुदळ मागितली आणि त्यांच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा खणायला घेतला.

तिथून त्याची पायपीट सुरू झाली. न बघता सही केलेलं एकेक घर तो शोधत निघाला. रविवारी मलाही स्कूटरवर मागं बसवून न्यायचा. बाई बरोबर असली की बायका दार उघडतात, हे त्याचं गणित. तरी कित्येकांनी दारातूनच परत पाठवलं. आमचे लाइट चालू आहेत, मग तुम्हाला काय तपासायचंय? एका गृहस्थांना तर आम्ही चोरीसाठी घर हेरतोय असं वाटलं. काही घरं ठाकठीक निघायची, काहींत तीच अर्धवट तार. मग तो पदरमोड करून ती पुरी करून द्यायचा. काही घरं विकली गेली होती, काहींवर मजले चढले होते. एक घर झालं की त्याला आणखी दोन आठवायची...

न बघता सही करणं त्यानं बंद केलं, तशी येणारी कामं आटली. रामदासला तो वायरमनच्या परीक्षेला बस म्हणून मागं लागला, पण रामदासनं दुसरा सही करणारा गाठला. त्याचा दादाला राग आला नाही, धास्ती वाटली. लायसनच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा, आता हा कागदच नको, असं तो म्हणू लागला. वहिनी एरवी त्याच्यापुढं फारशा बोलत नसत. तेव्हा मात्र म्हणाल्या, "लायसन गेलं तर त्या घरांत कुठल्या तोंडानं शिराल?" त्यानं नूतनीकरण केलं. पुढं साखर झाली, छातीत दुखू लागलं, डॉक्टरांनी दगदग बंद करायला सांगितली. त्यानं स्कूटर सोडली आणि सिटी बसनं फिरू लागला. सगळी घरं त्याची बघून झाली नाहीत. ती होणारही नव्हती, हे त्याला ठाऊक असावं.

मागच्या रविवारी वहिनींकडे गेले होते. ऊन रणरणत होतं. आम्ही थोडं बोललो. एकाएकी त्या उठल्या आणि बादली घेऊन कंपाउंडच्या कोपऱ्यात गेल्या. तिथं अर्थिंगचा खड्डा आहे. उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं, माती कोरडी पडली की तार असून नसल्यासारखी. दादा हे काम रोज सकाळी करायचा आणि वहिनी कुरकुरायच्या, घरात प्यायला पाणी नाही अन् तुमचं जमिनीला पाजणं चाललंय. आता त्या स्वतः हळूहळू धार धरून उभ्या होत्या. पाणी जिरलं. बादली रिकामी झाली तरी त्या आत येईनात. शेजारच्या बंद बंगल्याकडे बघत राहिल्या.

"ताई, हे लोक महिनाभर गावाला गेलेत," त्या म्हणाल्या. "त्यांचा खड्डा पार कोरडा पडला असेल."

मी नळाखाली दुसरी बादली लावली.