शाडूचं चिलखत

२०११ च्या नोव्हेंबरातला पहिला रविवार. मी स्वयंपाकघरात सिंकखाली आडवी पडून पाइप खोलत होते, कारण घरातल्या दोन शिकलेल्या माणसांनी प्लास्टर ऑफ पॅरिसची बादली सिंकमध्ये धुतली होती. पाइपात पांढरा दगड बसला होता. त्या दोघांतला एक माझा नवरा. मानेसरच्या कारखान्यात गाड्यांचे बंपर नीट मापाचे निघतात की नाही, हे बघायची त्याची नोकरी. दुसरी आमची मुलगी, नुकतीच बी.कॉम. झालेली. दोघं मिळून चिलखत करत होते.

चिलखत एका व्हिडिओ गेममधल्या बाईचं होतं. ही बाई अवकाशात लढते. कंबर मुठीत मावेल एवढी, खांदे दाराच्या चौकटीएवढे. असल्या बांध्याने कुणी चार पावलं चालू शकणार नाही, हे मी फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगू शकते, पण मला कुणी विचारलं नव्हतं. तिच्यासारखं चिलखत घालून मुलीला पुढच्या शनिवारी दिल्लीतल्या एका मेळाव्यात, गेममधली पात्रं होऊन यायच्या स्पर्धेत, स्टेजवर उभं राहायचं होतं. मी म्हटलं, पुढे काय? तर पुढेही होतं. गेम बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं तिथे येणार होती आणि हातात कला असलेली पोरं हेरणार होती. तिला ते काम हवं होतं. वडिलांनी तिच्यासाठी आपल्याच कंपनीच्या अकाउंट्समध्ये खुर्ची ठरवून ठेवली होती. शनिवारी कुणी विचारलं नाही, तर सोमवारपासून मानेसर, असं बापलेकीत ठरलं होतं. मानेसरचं नाव निघालं की मुलगी खोलीबाहेर जायची.

खरं तर चिलखत तिने एकटीने करायचं होतं. पण माझ्या नवऱ्याला शाडू दिसला की राहवत नाही. दरवर्षी आमचा गणपती तो घरीच घडवतो, सासऱ्यांनी शिकवलं तसा. पेणहून कुणी येणारं असलं की त्याच्याबरोबर शाडूची पोती येतात. आम्ही गुडगावच्या ज्या टॉवरमध्ये राहतो त्याला बिल्डरने इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव दिलंय. वीज जनरेटरची, पाणी टँकरचं. तिथल्या बायका गणपतीत आरतीला येतात, 'भाईसाहब, कमाल है' म्हणतात, आणि हा पुढचे आठ दिवस जमिनीवर उतरत नाही. यंदा पोतंभर शाडू उरला होता. मुलीने त्याला हात लावला आणि संध्याकाळपर्यंत तो वडिलांच्या हातात होता. ती फोटो धरून बाजूला उभी.

काम सुबक झालं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाटावर छातीचा भाग, दुसऱ्या पाटावर पाठीचा, दोन्ही मुलीच्या मापाचे. मुलीने इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून ठेवले होते. तिने सांगितलं की आता माती ओली आहे तोवर वर प्लास्टर ओतून साचा घ्यायचा. नवरा हसला. ओल्या मूर्तीला कुणी हात लावतं का? मूर्ती सावलीत वाळवायची, भेगा शाडूच्या पाण्याने बुजवायच्या, मग पॉलिश पेपर. त्याने तसंच केलं. पाट बाल्कनीत गेले. इथली हवा कोरडी, भेगा भरपूर पडल्या, त्याने त्या प्रेमाने बुजवल्या, खोबरेल तेल चोळलं आणि त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, प्लास्टर ओतलं. बादली सिंकमध्ये धुतली ती तेव्हाच.

साचे रूम हीटरने आणि माझ्या हेअर ड्रायरने वाळवले. त्यात जुन्या दिल्लीच्या केमिकल बाजारातून आणलेलं रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारं चिकट रसायन, आणि फायबरची मॅट घातली. मजलाभर वास सुटला. सोसायटीच्या सेक्रेटरीने इंटरकॉमवर विचारलं की आपके यहाँ क्या पक रहा है. मी म्हटलं, चिलखत. त्याने फोन ठेवला.

सोमवारी संध्याकाळी दोन्ही भाग मुलीच्या अंगावर चढवले. दोन्ही कुशींत चार चार बोटांची फट राहिली.

"श्वास सोड," नवरा म्हणाला.

"सोडलाय, बाबा. अजून किती सोडू?"

त्याने टेप आणून मोजलं, पुन्हा मोजलं, जणू टेपचीच चूक असावी. शाडू वाळताना आकसतो हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण गणपतीला कुठे कुणाच्या मापाचं व्हायचं असतं? तो बोटभर लहान झाला तरी मखर तेच. मी म्हटलं, "अहो, कारखान्यात दिवसभर काय बघता? प्लास्टिक गार झाल्यावर किती आकसतं, तेच ना?"

"ते प्लास्टिक," तो म्हणाला.

मुलीने सांगितलं की ओल्या मातीवर साचा घ्यायचा हे ती तीनदा बोलली होती. तो म्हणाला, मूर्तीचं काम असं होत नाही.

"ही मूर्ती नाहीये, यार."

"बापाला यार म्हणायचं नाही," असं म्हणून त्याने तेवढाच मुद्दा लावून धरला. भाषा, संस्कार, दिल्लीत वाढलेली मुलं, सगळं आलं. ते संपल्यावर त्याने तोडगा काढला. दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहणारी माझी भाची अंगाने बारीक आहे. तिला स्टेजवर पाठवू. "चेहरा काय, हेल्मेटमध्येच. काम आपलं असलं म्हणजे झालं."

"आपलं म्हणजे तुमचं," मुलगी म्हणाली. "तिथे मला विचारणार आहेत, हे कसं केलंस. मी काय सांगू, मी फोटो धरून उभी होते?"

  तिने बाल्कनीतले वडिलांनी घडवलेले ते वाळके शाडूचे भाग उचलले आणि बाथटबमध्ये भिजत घातले. हा बाथटब बिल्डरच्या जाहिरातीतला. तीन वर्षांत त्यात एकदाही कुणी अंघोळ केलेली नाही, टँकर येणार नसला की आम्ही त्यात पाणी भरून ठेवतो. नवरा बाथरूमच्या दारात आला.

"निदान विचारायचंस तरी."

"गणपती बादलीत विसर्जन करता तेव्हा कुणाला विचारता?"

तो टीव्हीकडे गेला.

मी एवढंच केलं की मंगळवारी माझ्या दवाखान्याला माल पुरवणाऱ्या दुकानदाराकडून प्लास्टरच्या पट्ट्या आणल्या, हाड मोडल्यावर घालतात त्या. मुलीला जुना बनियन घालायला लावला, वर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळलं आणि गळ्यापासून कंबरेपर्यंत तिला ओल्या पट्ट्यांत बांधलं. छाती फुगवून उभी राहा म्हटलं. ती हसायला लागली की ओरडत होते. कडक झाल्यावर बाजूने कात्रीने कापून काढलं. तिच्या मापाचं धड तयार झालं. त्यावर शाडू थापायचं काम तिचं, त्यात मी बोट घातलं नाही.

तिचं काम वडिलांच्या कामापुढे ओबडधोबड होतं. डावा खांदा वर गेला, कडा लाटल्यासारख्या जाड. पण माती ओली असतानाच तिने प्लास्टर चढवलं, आणि या वेळी बादली खाली बागेच्या कोपऱ्यात नेऊन धुतली. नवरा रोज कारखान्यातून यायचा, जेवायचा, बातम्यांचा आवाज वाढवायचा. गुरुवारी जाता जाता तो म्हणाला की रेझिन कडक करणारा हार्डनर जास्त होतोय, तडकेल. ते बरोबर होतं. तिने कमी केला. त्याला धन्यवाद म्हणाली नाही, त्यानेही वाट बघितली नाही.

पाठीचा भाग करायला वेळ उरला नाही. पुढचा भाग जुन्या सुटकेसच्या पट्ट्यांनी पाठीला बांधला आणि आम्ही शनिवारी निघालो. स्कूटरच्या जुन्या हेल्मेटवर पुठ्ठा चिकटवून तिने आधीच केलेलं हेल्मेट माझ्या मांडीवर.

मेळावा म्हणजे पत्र्याच्या मोठ्या हॉलमध्ये कोंबलेली शाळा-कॉलेजची पोरं, आणि त्यांच्या पिशव्या सांभाळत भिंतीला टेकलेले आईबाप. पुठ्ठ्याच्या तलवारी, उशांचे स्नायू. पहिलं बक्षीस मिळालं परदेशातून मागवलेला पोशाख घातलेल्या एका मुलाला. त्यात दिवे लागत होते. परीक्षकांनी त्याच्या मेहनतीचं कौतुक केलं. मेहनत कुरियरवाल्याची असावी.

आमच्या मुलीचं नाव कशातच नव्हतं. ती स्टेजवरून उतरली, पट्टे सोडले, चिलखत काढून खुर्चीवर ठेवलं. तिशीतली एक बाई आली, गळ्यात कुठल्याशा कंपनीचा बिल्ला. तिने चिलखताच्या दर्शनी बाजूकडे फारसं बघितलंही नाही. उलटं केलं आणि आतून बोट फिरवत विचारलं, "किसने बनाया?"

माझा नवरा पुढे सरसावला. पेण, शाडू, माझे सासरे, आमची परंपरा, हे सगळं कारखान्यातल्या इंग्रजीत सुरू झालं.

"तुम्ही गाडी आणा," मी म्हटलं.

"आत्ताच कशाला गाडी?"

"आणा."

तो गेला. मग मुलीने त्या बाईला सगळं सांगितलं. पहिलं का लहान झालं, दुसरं कशावर थापलं, डावा खांदा कुठे चुकला आणि वेळ असता तर तिने काय केलं असतं. चुकीबद्दल ती जास्त बोलली. त्या बाईने तिलाच दोन उपाय सुचवले आणि कार्ड दिलं. सोमवारी या, तीन महिने काम करून बघा, पुढचं काही सांगता येत नाही.

परतताना मेहरौलीच्या ट्रॅफिकमध्ये नवरा बोलायला लागला. तीन महिने म्हणजे काही नोकरी नव्हे. मानेसरला आधी रुजू तर होऊ दे, मग बघू. मॅनेजरसाहेबांना शब्द दिलाय, आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? मागच्या सीटवर मुलगी खिडकीबाहेर बघत होती. आपण बोलत राहायचं आणि ती गप्प बसली की होकार धरायचा, ही त्याची जुनी रीत. घर येईपर्यंत ती गप्पच होती. त्याने समाधानाने गाडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळीला गेल्यावर मी मॅनेजरसाहेबांच्या घरी फोन लावला. ते आमच्याकडे आरतीला येतात, ओळखीचे आहेत. मी सांगितलं की लडकी कल से नहीं आएगी. त्यांनी काळजीने विचारलं, तबीयत वगैरे?

"बिल्कुल ठीक है. उसे दूसरा काम मिल गया है. तीन महीने का."

ते म्हणाले, मग खुर्ची तीन महिने ठेवतो, घरचीच मुलगी आहे.

"मत रखिए, भाईसाहब. जिसे चाहिए उसे दे दीजिए."

नवरा टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि कुणाचा फोन होता म्हणून विचारलं. मी सांगितलं, तुमच्या साहेबांना मी केला होता, त्यांना कळवून झालंय, तुम्हाला आता काही सांगायला लागणार नाही.