गळ्याची सोनोग्राफी

आत्याच्या गळ्यावरची गाठ लिंबाएवढी झाली, तेव्हा कुठे ती माढ्याहून आमच्याकडे सोलापुरात आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि थायरॉईडची सोनोग्राफी करायला सांगितली. तो शब्द ऐकताच आत्याने गळ्याभोवती पदर आवळला.

"मी न्हाय करायची. नवरा जाऊन सात वर्सं झाली. गावात काय म्हनतील?"

"अगं, गळ्याची आहे, पोटाची नाही!"

"मशीन त्येच की."

दोन दिवस घसा फोडला. तिसऱ्या दिवशी तिला जवळजवळ ओढतच सेंटरवर नेलं. काउंटरवरच्या बाईने मान वर न करता विचारलं, "कितवा महिना?" हातातल्या चिठ्ठीवर ठळक 'थायरॉईड' लिहिलेलं, पण वाचायचं कुणी? बाकांवरच्या गरोदर बायका आत्याकडे बघायला लागल्या. आत्या उठली ती थेट जिना उतरली.

काउंटरवर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. खाली धावले आणि आत्यावरही ओरडले, "असल्या अडाणीपणानेच बायका मरतात!"

"अडानी व्हय? गावच्या डाक्तरनं वर्सापूर्वीच ही तपासनी सांगितली व्हती. पन आमच्या पारावर माईक घिऊन कोन बोंबललं? 'सोनोग्राफीला जाणारी बाई लेकीची वैरीण!' तूच की!"

मीच. गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या पत्रकातली ती ओळ माझी. 'गर्भलिंग' शब्दाने घोषणा लांबत होती, म्हणून मी तो कापला. टाळ्या पडल्या. गुन्हा लिंग सांगणाऱ्याचा, आणि मी तो बायकांच्या माथी मारून मोकळी. त्या ओळीपायी आत्याने गाठ वर्षभर पदराआड ठेवली होती.

"चुकलं माझं. आता वर चल."

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर गाठ दाखवली. कडा वेड्यावाकड्या, आत पांढरे ठिपके. "एवढ्यावरून नक्की सांगता येत नाही. सुईने पेशी काढून तपासू. उद्याच या."

रिक्षात आत्या म्हणाली, "सुई घेते. पन आदी गावात यिऊन सांग, चुकलं म्हनून."

"आधी सुई! भाषण नंतर!"

"मग फोनवर सांग." जावेला फोन लावून तिने माझ्या हातात कोंबला.

सिग्नलला रिक्षा थांबलेली, रिक्षावाला आरशातून बघतोय, आणि मी ओरडतेय, "मावशी, आत्याच्या गळ्याची सोनोग्राफी झाली! गळ्याची! ती करण्यात वाईट काही नाही, पारावर मीच चुकीचं बोलले!"

पलीकडून आवाज आला, "पोरी, जरा मोठ्यानं बोल. हितं चार बायका बसल्यात, त्यांनाबी ऐकायचंय."