पोळ्याच्या आवतनाला गेले आणि गाव बेट झालं

सुट्टी मंजूर झाल्याचा कागद हातात आला तेव्हा मी आधी कॅमेऱ्याचा रोल घ्यायला गेले आणि मग चंद्रपूरच्या स्टँडवर एसटीची वेळ विचारायला. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं.

गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. मी ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये आहे. बाबा गेल्यापासून घरातली मोठी मीच, त्यामुळे 'सुट्टी' हा शब्द मी फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला. धाकटी बहीण वंदना मुलचेऱ्याच्या पलीकडे, एका टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, शाळेत गुरुजी असलेल्या विलासला दिलेली. तिला आठवा सरलेला. विलास ट्रेनिंगसाठी दहा दिवस गडचिरोलीला गेलेला. पायावर सूज आली म्हणून नर्सबाईंनी तिला बजावलं होतं, बाळंतपण घरी करायचं नाही, दवाखान्यातच. मी जायचं, तिला घेऊन यायचं, एवढंच काम.

"पोळा-गिळा मंग पाह्यजो, पोरीले घेऊन ये," आई निघताना म्हणाली. मी हो म्हटलं. आमच्याकडे बैल कधी नव्हतेच. खेड्यातला पोळा मी आयुष्यात पाहिला नव्हता आणि मला तो पाहायचाच होता.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगते. चंद्रपूरहून गोंडपिपरीमार्गे आष्टी, तिथे वैनगंगेचा पूल, पुढे मुलचेरा. तिकीट तेव्हा शंभराच्या आत होतं. गोंडपिपरीला गाडी चहाला थांबते, तिथे तर्री-पोहे जरूर खा, पण तर्री बेताने, पुढच्या रस्त्यात खड्डे आहेत. मुलचेऱ्याजवळच्या बंगाली गावांतून जाताना प्रत्येक दारात एक तरी पोखर दिसतं, म्हणजे मासे पाळायचं तळं, आणि रस्त्याकडेला ओल्या जाळ्यांचे ढीग. तिथून पुढे काळी-पिवळी जीप नाल्यापर्यंत सोडते. ऑफिसातले सगळे मला जंगलातल्या बंदुकांची भीती घालत होते. पाण्याचं नाव कोणी काढलं नाही.

टोल्याला दिना नदी तिन्ही बाजूंनी वळसा घालते आणि चौथ्या बाजूला हा नाला. उन्हाळ्यात चालत जाता येतं. पावसाळ्यात डोंगा, म्हणजे एकाच लाकडात कोरलेली अरुंद होडी. डोंगा चालवणारे मारोतीभाऊ ढिवर, साठीचे, बोलणं मोजकं.

"गुरुजीच्या बाईले न्याले आले काय?" त्यांनी विचारलं. "तं आजच घेऊन निघा. वरतं पाऊस आहे. उद्या नाला उतरू देईल का नाई, सांगता येत नाई."

"पोळा पाहून जाऊ की, भाऊ. दोनच दिवस तर आहेत."

ते वल्हं मारत राहिले. मी पाण्यात हात घातला. पाणी हिरवट, बोटं दिसतील असं. मला बरं वाटलं.

वंदनाला पाहिलं. चेहरा गोल झालेला, पाय फुगलेले, चपलेचा पट्टा कातडीत रुतलेला. पण हसत होती. "ताई, पोळ्यापर्यंत राह्यशील ना?" तिने विचारलं आणि मला तेवढंच हवं होतं. संध्याकाळी भात, अंबाडीची भाजी आणि सुकट झिंग्यांची चटणी. इतकं साधं जेवण इतकं चवदार मी कमी वेळा खाल्लंय.

लॅबच्या सवयीने मी रोज वहीत हवामान लिहिते. दुसऱ्या दिवसाची नोंद अशी आहे: 'सकाळी ऊन, दमट, वारा नाही. दुपारी पश्चिमेला काळं. इथे पाऊस शून्य. नाल्याचं पाणी लाल.' ही नोंद मी स्वतःच्या हाताने केली. पाण्याचा रंग बदलला म्हणजे वर कुठेतरी माती वाहतेय, हे ओळखण्याचाच मला पगार मिळतो. आणि तरी मी वही मिटून कॅमेरा काढला, कारण शेजारच्या धर्माभाऊंच्या गोठ्यात खांदशेकणी सुरू झाली होती.

ही पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची रीत. वर्षभर जुवाखाली घासलेले बैलांचे खांदे कोमट पाण्याने धुतात, हळद-तूप चोळतात, पळसाच्या पानाने शेकतात. मग मालक बैलाच्या कानाशी वाकून म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." म्हणजे जेवणाचं रीतसर निमंत्रण. धर्माभाऊंनी ते दोन्ही बैलांना वेगवेगळं दिलं, घरच्या मोठ्या माणसांना द्यावं तसं. मी फोटोवर फोटो काढत होते. त्यांची बायको सखूबाई, टोल्यातली सुईणही त्याच, मला हसत होत्या.

"उद्या पाऊस येणार का हो?" मी विचारलं.

"पोळा अन् पाऊस झाला भोळा, बाई," धर्माभाऊ म्हणाले. पोळा आला की पावसाचा जोर ओसरतो, असं तिथे म्हणतात. म्हण खरीच असेल. पण त्या वर्षी पाऊस टोल्यावर नव्हता, वर होता.

पोळ्याच्या सकाळी जाग आली ती आवाजाने. खूप लांबून मालगाडी जात राहावी आणि संपूच नये, तसा. बाहेर लख्ख ऊन. मी नाल्यावर गेले तर नाला नव्हताच. परवाचा उताराचा दगड, त्यामागचं मोहाचं झाड कमरेपर्यंत, सगळं लाल पाण्यात. पाण्यावर फांद्या, छपराचं गवत, एक मेलेली शेळी. तिकडे नदी, इकडे नाला, मधे आम्ही. समुद्रातल्या बेटांची वर्णनं मी आवडीने वाचते. बेटावर असणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

गावाला मात्र त्याचं काही नव्हतं. असं दर दोन-तीन वर्षांनी होतं म्हणे. शिंगं रंगत होती, बेगड चिकटत होती, घरोघरी पुरण शिजत होतं.

अकराच्या सुमाराला वंदनाने मला हाक मारली. ती भिंतीला धरून उभी होती आणि तिच्या पायाखालची जमीन ओली होती. "ताई, डोकं लय दुखून राह्यलं. डोळ्यापुढं चमकते," ती म्हणाली.

सखूबाई आल्या. त्यांनी पोट पाहिलं, पायावर बोट दाबलं. खड्डा पडला तो भरलाच नाही. त्यांनी मला अंगणात बोलावलं. "सतरा बाळंतपनं केली या टोल्यात. हे माह्याच्यानं होनार नाई, बाई. इले झटके येतीन. दवाखान्यातच न्या."

नाला ओलांडणं शक्यच नव्हतं. पण नदी दोन-अडीच किलोमीटरवर एका वळणाला पसरते, तिथे धार मंद असते, आणि पलीकडे डांबरी रस्ता जवळ आहे. तिथवर न्यायचं. चौघांनी खाट उचलली. पहिल्याच बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलात, पुढचा एक जण गुडघाभर रुतला, खाट कलंडली आणि वंदना माझ्या अंगावर आली. खाटेने जाता येणार नव्हतं, बैलगाडीच हवी होती; ती रुतली तरी कलंडत नाही. मी धावत धर्माभाऊंकडे गेले.

"बंडी जुंपा. लवकर."

ते बैलाच्या कपाळाला गोंडा बांधत होते. हात थांबले. "आज बैलाले जू नाई, बाई."

"माणूस मरतंय तिकडे!"

"काल माह्याच तोंडानं आवतन देलो. आज पाव्हन्याच्या मानंवर जू कसा ठेवू?"

मी काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. तुमचा सण मोठा की माझी बहीण, असं विचारलं. अडाणी म्हटलं. ज्या रीतीचे मी काल हौसेने फोटो काढले तिला मी शिव्या दिल्या. खरं तर मी स्वतःला शिव्या देत होते. मारोतीभाऊंनी 'आजच निघा' म्हटलेलं सारखं कानात वाजत होतं. मी पायरीवर बसून मोठ्याने रडले.

धर्माभाऊ गोठ्यामागे गेले आणि बंडी ओढत बाहेर आले. रिकामी. जुवाच्या एका बाजूला त्यांनी स्वतःचा खांदा घातला आणि शेजाऱ्याला हाक मारली.

"आवतन बैलाले देलो," ते म्हणाले. "मले कोनी नाई देलं. बसवा पोरीले."

पुढे दोघे, मागून ढकलायला सहा-सात, त्यात सखूबाई आणि मी. वंदनाचं डोकं तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, ठेवलेलं. चाक रुतलं की "हर हर महादेव"चा पुकारा आणि सगळ्यांचा एकदम जोर. आमच्या घरात जयभीम म्हणतात, हा पुकारा माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. त्या दिवशी सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. अर्ध्या वाटेत धर्माभाऊंनी क्षणभर खांदा काढला तेव्हा सदऱ्याला रक्त लागलेलं दिसलं. त्यांनी बाजू बदलली आणि पुन्हा वाकले. मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

निरोप मिळून मारोतीभाऊ नदीवर आधीच पोचले होते. त्यांनी दोन डोंगे शेजारी ठेवून बांबूंनी बांधले, वर दाराची फळी टाकली. मग काठावर एक काडी रोवली आणि तिच्याकडे बघत बसले.

"चला ना!" मी ओरडले.

"पानी चढतं असंन तं मधात ओंडके येतीन. काडी बुडली तं नाई जायचं. उघडी पडली तं जायचं."

वंदना आता हाकेला नीट ओ देत नव्हती. मी त्या काडीकडे पाहत होते. पाणी तिला चाटत होतं, वर यायचं, खाली जायचं. किती वेळ गेला सांगता येत नाही. पलीकडच्या काठावर पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस हात हलवत होता. तो विलास होता. पोळ्याला घरी यायला निघालेला, आदल्या रात्रीपासून तिकडे अडकलेला, नाल्यावरून वाट नाही म्हणून या वळणावर आलेला. त्याने खाली उतरवलेली वंदना पाहिली आणि तो रस्त्याकडे पळत सुटला.

काडीखाली बोटभर ओली माती दिसली. मारोतीभाऊ उठले.

त्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल थोडंच लिहिते. मधोमध पाणी उकळल्यासारखं होतं. एक ओंडका डोंग्याला घासून गेला तेव्हा बांबू कडाडला आणि सखूबाईंनी वंदनावर अंग टाकलं. मला पोहता येत नाही. मी फक्त तिचं मनगट धरून नाडी मोजत होते. पुन्हा पुन्हा चुकत होते, पुन्हा एकपासून मोजत होते. पलीकडे वाळूला तळ लागला तेव्हा विलासने आणलेली जीप उभी होती.

गडचिरोलीच्या वाटेवर वंदनाला पहिला झटका आला, दवाखान्याच्या दारात दुसरा. डॉक्टरीणबाई पोट कापायला घेऊन गेल्या. सूर्य मावळायच्या आत मुलगी झाली, जेमतेम दोन किलोची. वंदना तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. ते तीन दिवस मी आईला फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणत होते.

तुम्हाला जायचं असेल तर दिवाळीनंतर जा. तेव्हा नाला घोट्याइतका असतो, रस्ते सुकलेले असतात. पोळाच पाहायचा असेल तर रस्त्यालगतचं गाव निवडा आणि डोंगेवाला जे सांगेल ते त्याच दिवशी ऐका. आम्ही बाळाला घेऊन टोल्यावर गेलो तेव्हा मी धर्माभाऊंची माफी मागितली. "जाऊ द्या बाई, आम्ही तं रोजच बैलाले शिव्या देतो," ते म्हणाले. खांद्यावर डाग राहिला होता.

त्याआधी वंदना तीन महिने आमच्या क्वार्टरमध्ये होती. एका दुपारी ती बाळाला पायावर घेऊन तेल लावत होती आणि मी अंगणातल्या दोरीवरची, वीज केंद्राची राख बसलेली दुपटी झटकत होते. राहवलं नाही म्हणून मी सांगून टाकलं की मारोतीभाऊंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आजच निघा. मी ते पोळ्यासाठी तुझ्यापासून लपवलं.

ती तेल लावत राहिली. "मले मालूम होतं," ती म्हणाली. "तू यायच्या एक दिवस आधी मारोतीभाऊ मलेबी सांगून गेले होते, ताई आली का त्याच दिवशी निघा म्हणून. म्या पिशवी भरून ठेवली होती. तू कॅमेरा घेऊन इतकी खुशीत आली, जनमभर सुट्टी घेतली नाई तुनं. म्या पिशवी खाटेखाली सारली."

मी अजूनही फिरते, लिहिते, फोटो काढते. पण कोणाच्या घरी गेले आणि घरच्यांनी हसून 'रहा की अजून दोन दिवस' म्हटलं, की मी हो म्हणायच्या आधी त्यांच्या खाटेखाली नजर टाकते.