यंत्रातून परतलेला मुलगा

लग्न होऊन मी धुळ्याहून असोद्याला आले तेव्हा गल्लीत टीव्ही एकच होता, आणि तोही बिघडलेला. त्यामुळे उन्हाळ्यात पापड लाटायला बायका जमल्या की करमणुकीचं काम नव्या सुनेच्या गळ्यात पडलं. मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मी नुकत्याच वाचलेल्या कादंबऱ्या सांगायला लागले.

पहिली जादूची होती. तिच्यातली झाडं तहान लागली की स्वतः चालत नदीवर जायची. घरोघरी केळीच्या बागा, त्यामुळे बायका खूश झाल्या. “आमच्या केयी अशा गेल्या तं पानी भराचा ताप वाचीन वं माय!” सगळं खोटं आहे हे प्रत्येकीला ठाऊक होतं, म्हणून मजा होती.

दुसरी विज्ञान कादंबरी. तिच्यात एक आई मेलेल्या मुलाचा केस यंत्रात घालते आणि तस्साच मुलगा बाहेर येतो. यावर कुणी हसलंच नाही. मी बीएस्सी झाल्याचं सासूबाईंनी गल्लीभर मिरवलं होतं. बीएस्सीवाली सून विज्ञान सांगते म्हणजे ते कुठंतरी होत असणारच. शेजारीण म्हणाली, “हे मुंबईले होतं का पुन्याले?”

मोठ्या जाऊबाईंना मी अक्का म्हणायचे. त्यांचा मुलगा चार वर्षांचा असताना तापानं गेला होता. जावळ तर त्यांनी रीतीप्रमाणे नदीत सोडलेलं. त्या लाटणं ठेवून हळूच म्हणाल्या, “टोपडं हाये. त्याले एखादा केस असीन. चालीन का?” मग मी काही बोलायच्या आतच, “त्या पोऱ्यानं मायले वयखलं का?”

पुस्तकात तो ओळखत नाही. आईकडे बघून तो विचारतो, तू कोण? मी मात्र म्हणाले, “हो अक्का, लगेच.” ही नुसती गोष्ट आहे, एवढं एक वाक्य मला का सुचलं नाही, कोण जाणे. दया आली होती, की एवढ्या बायका कान देऊन ऐकतायत याची चटक लागली होती? मला माझाच राग यायचा, आणि दुसऱ्याच क्षणी वाटायचं, बिघडलं काय?

अक्कांनी पुस्तक मागितलं. त्या चौथी शिकलेल्या. आज सापडत नाही, उद्या बघते, असं करत मी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी माझ्या पेटीतून पुस्तक गायब. नंतर महिनाभर त्या चुलीपाशी बसून ओळीखाली बोट धरून वाचत होत्या आणि मी त्यांची नजर चुकवत घरभर फिरत होते. शेवटाकडे किती पानं उरलीत, ते लांबूनच बघायचे.

एके दुपारी मी परसात भांडी घासत असताना त्यांनी पुस्तक आणून माझ्यापुढे धरलं. डोळे लाल होते. मी राखेचे हात तसेच जोडले. “अक्का, माझं चुकलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

“तुहं नही चुकलं. लिहिनाऱ्याचं चुकलं,” त्या म्हणाल्या. “चार वर्सं कडेवर वागोलेलं पोरगं मायले इसरत नही. हो का नही?”

मी पुन्हा हो म्हणाले. या वेळी मी खोटं बोलले की खरं, ते मलाच समजेना.