पुढच्या खडपावरची सुलू

ओहोटी संपून पाणी वळलं होतं आणि सुलू अजून पुढच्या खडपावर होती. वय आठ-नऊ. तिची आई गंगा मागच्या खडपावर उकिडवी बसून कोयतीने खडक ठोकत होती. टक, टक. लेकीला तिने एकदाही हाक मारली नव्हती.

ही एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो. अमावास्येच्या सुमारास कोकणातल्या मिठबावच्या शाळेत पोरं कमी येतात, असं कळलं होतं. कारण शोधायला आलो होतो. ते समोरच होतं. त्या दिवसांत समुद्र खूप मागे हटतो आणि एरवी बुडालेले खडक, म्हणजे खडप, उघडे पडतात. त्यांना कालवं चिकटलेली असतात. कोयतीच्या टोकाने शिंपला फोडायचा आणि आतलं मांस काढायचं.

मुलांना हे कुणी शिकवत नव्हतं. चालता येऊ लागलं की ती आईबरोबर येत, पाटीत हात घालत, पुढे एखादी झिजलेली कोयती मिळे. कुठल्या खडपावर कुणी जायचं, ते मात्र बायका ठरवत. सुलूला पुढचं खडप आज पहिल्यांदा मिळालं होतं. एकटीला.

दोन्ही खडपांच्या मध्ये एक घळ होती. जाताना तिच्या घोट्याएवढं पाणी होतं. भरती समोरून येते, अशी माझी समजूत. पण भरती आधी घळीत शिरली, सुलूच्या पाठीमागे. पाणी काळं दिसू लागलं. सुलू पाठमोरी होती.

मी ओरडणार, तोच शेजारच्या भागीरथीने माझं मनगट धरलं. उजाडताना हीच बाई माझ्या चपलांकडे बघून म्हणाली होती, "खडपार चपला? उद्या होडयेत घोडो घेवन येतलात." आता ती हसत नव्हती.

"हाक मारू नकात."

"बुडेल ती."

"हाक मारलात तर मान वर करतली. मान वर झाली की पाय गेलो."

"मग आईने तरी जावं."

"आज आवय गेली, तर पोर जलमभर आवशीची वाट बघीत ऱ्हवतली."

गंगा ठोकतच होती. ठोके मात्र आता दाट पडू लागले. सुलूचा हात थांबला. तिने पायाशी पाहिलं, कोयती कमरेला खोवली, पाटी डोक्यावर घेतली आणि घळीत उतरली. पाणी कमरेपर्यंत. मध्यावर ती थांबली. लाट आली. थोडा वेळ पाटी तेवढी दिसत होती. मग डोकं दिसलं, मग खांदे.

ती वर चढली. ओठ निळे पडले होते.

"उशीर केलंस," गंगा म्हणाली.

उठताना तिला दोनदा खडकावर हात टेकावा लागला. ती बसली होती तिथे मी पाहिलं. एकही कालव नव्हतं. उघड्या खडकावर नुसते पांढरे खळगे. तिच्या पाटीत पहाटेची मूठभर कालवं, त्यावर भर पडलेली नव्हती.

"आवाज आसा म्हणजे मागे आवय आसा," भागीरथी म्हणाली. "दाट झालो म्हणजे परत फिर."

मी सगळं लिहून पाठवलं. पुढे मुंबईला गेलो, तेव्हा वृत्तसंपादकांनी विचारलं, "मुलगी बुडाली?"

"नाही."

"मग बातमी काय?"

शाळेच्या हजेरीबद्दल चार ओळी छापून आल्या. त्यांचं चुकलं नव्हतं. जे घडत नाही त्याला वर्तमानपत्रात जागा नसते. ते घडू नये म्हणून कुणीतरी सकाळभर उघडा खडक ठोकत बसलेलं असतं.