नीलाच्या बाळाला भेटायला या

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. तोंडावर हात ठेवून खुसखुसायचं पण नाही! घोळ मी जन्मभर घालत आलेय, त्यात मला लाज नाही. पण हा जो घातला ना, त्याला तोड नाही. चहा घ्या हातात आणि ऐका.

माझी मैत्रीण ज्योत्स्ना. इथे लंडनजवळ, वॉटफर्डमध्येच राहते. हॉस्पिटलात इतकी वर्षं सोनोग्राफी करून करून कंटाळली आणि एक दिवस तिने राजीनामा दिला. म्हणाली, "नीला, पोरी बिचाऱ्या डोळे भरून बाळाकडे बघत असतात आणि मला त्यांना म्हणावं लागतं, चला, उतरा, पुढची आली. मला आपला स्वतःचा स्टुडिओ काढायचाय."

स्टुडिओ म्हणजे हौसेच्या सोनोग्राफीचा हो! आजार नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही. आईबाबांनी यायचं, फोर डी स्कॅनमध्ये बाळाचं नाक कोणावर गेलंय ते बघायचं, ठोके ऐकायचे, फोटो घेऊन घरी जायचं. इथे पुष्कळ चालतं हे. तिने हाय स्ट्रीटच्या मागे एक जागा भाड्याने घेतली, भिंती फिक्या पिवळ्या रंगवल्या आणि बाहेर पाटी लावली: शांत, निवांत, घाई नाही.

आणि मला म्हणाली, "रिसेप्शन तू सांभाळ."

आता मी हॉस्पिटलात वीस वर्षं अपॉइंटमेंट्सच्या डेस्कवर बसलेली बाई. मी म्हटलं, "रिसेप्शनच काय, बुकिंगचं सॉफ्टवेअर पण मीच निवडते. तू मध्ये पडायचंच नाही!"

"साधं घे गं," ज्योत्स्ना म्हणाली. "नाव, वेळ, संपलं."

"साधं? अगं, आपल्या बायका बाळ बघायला एकट्या येतात का? सासू येणार, नणंद येणार, शेजारीण म्हणणार मी पण येते, घरी बसून काय करू! आणि तुझ्याकडे खुर्च्या चार. कोण कोण येणार ते आधी कळायला नको?"

"नीला, मला गर्दी नकोय." ती कळवळून म्हणाली. "मी नोकरी सोडलीय. हे चाललं नाही तर कुठल्या तोंडाने परत जाऊ? शनिवारी अकराला पहिली मुलगी येतेय, ग्रेस नावाची. फोनवरच घाबरलेली वाटली. ती खूश होऊन गेली पाहिजे, बस."

खरंच होतं तिचं. पहिलं गिऱ्हाईक खूश झालं तर चार जणींना सांगतं, नाराज झालं तर गावभर सांगतं. म्हणून तर मी इरेला पेटले! सगळ्यात भारी सॉफ्टवेअर शोधून ज्योत्स्नाच्या पुढ्यात ठेवायचं, असं ठरवूनच टाकलं.

काय काय बघितलं म्हणून सांगू! एक निघालं मूळचं केस कापणाऱ्यांचं. ते विचारायचं, "नुसतं धुवायचं की रंग पण लावायचा?" बाळाला? दुसरं होतं कुत्र्यांना अंघोळ घालणाऱ्यांचं, त्यात "चावतो का?" याचं उत्तर दिल्याशिवाय पुढेच जाता येईना. आणि मग मला ते सापडलं. गुलाबी रंगाचं, कोपऱ्यात बदकाचं पिल्लू डुलतंय, आणि त्यात एक खास सोय, पाहुण्यांची! बुकिंग करणारीने पाहुण्यांची नावं घालायची, की प्रत्येकाला आपोआप आमंत्रण.

मी तर हरखलेच. त्यांच्या कंपनीची एक गोड आवाजाची बाई व्हिडिओ कॉलवर मला सगळं समजावत होती. "आधी टेस्ट मोड चालू करा हं, म्हणजे खरे मेसेज जाणार नाहीत, मग काय हवं ते करून बघा." मी म्हटलं, "येस, येस, ऑफ कोर्स!" तेव्हा माझे साबुदाणा वडे कढईत होते. एक कान तिच्याकडे, एक कान तेलाकडे. टेस्ट मोड राहिला तेलात.

कॉल संपल्यावर मी बसले करून बघायला. पेशंट कोण घालायचा? उगाच दुसऱ्याचं नाव कशाला, घातलं स्वतःचंच. वय वर्षं त्रेपन्न, खरं घातलं, खोटेपणा मला जमत नाही. वेळ? डोक्यात तीच घोळत होती, शनिवार अकरा. आणि पाहुणे? म्हटलं, बघू या तरी किती माणसं झेपतात याला! माझ्या फोनमध्ये 'मंडळ' म्हणून एक यादी आहे, हळदीकुंकवाच्या बोलावण्यासाठी केलेली. अख्खं महाराष्ट्र मंडळ! नवरा घरचाच आणि ज्योत्स्ना मंडळाकडे कधी फिरकत नाही, म्हणून तेवढे दोघं त्यात नाहीत. टाकली सगळी. वाटलं, आता हे बोंब मारणार, एवढे पाहुणे चालणार नाहीत म्हणून. छे! हूं नाही की चूं नाही. बदकाने उडी मारली आणि पडद्यावर चांदण्या उडाल्या.

वा! काय दिलदार सॉफ्टवेअर! मी लॅपटॉप मिटला आणि वडे खायला बसले.

मला तेव्हा कळलं नाही, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. त्याच क्षणी मंडळातल्या प्रत्येकाच्या फोनवर टिंग वाजलं: "गोड बातमी! नीलाच्या बाळाला भेटायला या! शनिवारी सकाळी अकरा वाजता." खाली स्टुडिओचा पत्ता. आणि बदक.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या माणसांपैकी एकाने तरी फोन करून विचारायचं! अहो, कसं विचारणार? आपली रीत विसरलात का? तीन महिने होईपर्यंत ती गोष्ट कोणी तोंडाने बोलत नाही. दृष्ट लागते! कळलं तरी कळलं नाही असं दाखवायचं. बाकी वेळी या मंडळात एक गुपित टिकत नाही हो, पण हे टिकवलं पठ्ठ्यांनी. आणि त्रेपन्नाव्या वर्षी म्हटल्यावर तर बोलायची काय टाप!

बोलले नाहीत, पण वागले.

दुसऱ्या दिवशी दाराशी कैरीच्या लोणच्याची बरणी. पाठवणारं कोण, तर कुमुदवहिनी, आमच्या मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ. त्यांचं लोणचं म्हणजे, भाचीला सुद्धा मोजून चार फोडी मिळतात! मी म्हटलं, माझ्या नव्या कामाचं कौतुक वाटलं असेल. देव भलं करो.

मग मी वेम्बलीला गेले, ईलिंग रोडवर भाजी आणायला. मस्त पिकलेली पपई उचलली, वास घेतला, आणि मागून कोणीतरी ती हातातून हिसकावली! बघते तर कुमुदवहिनी.

"पपई? आत्ता? वेडी का काय तू?"

"का हो वहिनी? चांगली गोड दिसतेय."

"गोड असू दे नाहीतर कडू. तू नाही खायचीस!" आणि माझ्या दोन्ही पिशव्या काढून घेतल्या. "जड उचलायचं नाही. दमतेस का? पाय सुजतात का?"

"सुजतात थोडे, उभं राहून."

"सुजणारच." त्यांचे डोळे पाणावले. "धीराची आहेस हो. देव पाठीशी आहे."

मला वाटलं, बाईला वयोमानाने जरा हळवेपणा आलाय.

घरी आमचे अविनाशराव बॅडमिंटन खेळून आले ते छाती काढून. "आज सगळे पाठ थोपटत होते माझी! म्हणे, मानलं बुवा, या वयात! एकाने तर पेढा भरवला."

"जिंकलास का?"

"हरलो. पण स्टाइल बघतात गं माणसं."

आणि शुक्रवारी सईचा मेसेज आला. सई आमची लेक, सव्वीस वर्षांची, केंब्रिजला नोकरी करते. मंडळात दर गणपतीला नाचायची, म्हणून त्या यादीत तिचं पण नाव! तिने विचारलं, "मम, हे खरं आहे??" मला वाटलं, हिला स्टुडिओचं कळलेलं दिसतंय. मी लिहिलं, "हो गं! उद्या अकराला ये." तिने विचारलं, "डॅडला माहीत आहे?" मी लिहिलं, "म्हणजे काय, त्याच्या पाठिंब्याशिवाय हे झालं असतं का!"

पुढे तिचं काही उत्तर आलं नाही. म्हटलं, कामात असेल पोर.

शनिवार उजाडला. मी काठापदराची साडी नेसून रिसेप्शनवर. ज्योत्स्नाने मंद दिवे लावलेले, कुठेतरी पाण्याचा झुळझुळ आवाज सोडलेला. अकराला दहा कमी असताना दार उघडलं आणि आत आल्या कुमुदवहिनी. हातात नारळ. त्यांच्या मागे देशपांडे, सहकुटुंब. त्यांच्या मागे कुलकर्णी, डबे घेऊन. मग बॅडमिंटनवाले, फुलांचा गुच्छ घेऊन. चार खुर्च्यांवर सहा बायका बसल्या, बाकीचे भिंतीला टेकले. पाण्याची झुळझुळ पार बुडाली.

ज्योत्स्ना आतून आली. पांढरीफटक.

"नीला, हे कोण?"

"आमचं मंडळ! उद्घाटनाला आलेत वाटतं. मी बोलावलं नाही हं, शपथ!"

"उद्घाटन कसलं? ग्रेस येतेय आत्ता! घाबरून दारातूनच परत जाईल ती!" तिचा आवाज रडवेला झाला. मैत्रिणीने नोकरी सोडून मांडलेला डाव आणि मी तिथे बाजार भरवून ठेवला!

आणि तेवढ्यात दार उघडलं. दारात एक लाजरीबुजरी मुलगी, पोटावर हात धरलेला, शेजारी तिचा नवरा. ग्रेस! मी "वेलकम" म्हणायला तोंड उघडलं आणि त्या दोघांना बाजूला सारून आत घुसली आमची सई. केस विस्कटलेले, डोळे रडून लाल.

"मम! तू मला का नाही सांगितला? सगळ्या मंडळाला सांगितला! मला भाऊ येणार आणि मला टेक्स्टवर कळते?"

"भाऊ? कसला भाऊ?"

सईचं मराठी संपलं. ती जीव खाऊन ओरडली, "मम! आर यू प्रेग्नंट ऑर नॉट?"

जे आठवडाभर कोणी उच्चारलं नव्हतं, ते इथे जन्मलेल्या पोरीने एका वाक्यात चव्हाट्यावर मांडलं! तिला कोण शिकवणार तीन महिन्यांची रीत? चूक माझीच.

तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. गोड बातमी. शनिवार अकरा. बदक!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोणचं, पपई, पेढा, स्टाइल, सगळं! मी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि ओरडले, "अहो, नाही हो नाही! टेस्ट होती ती! सॉफ्टवेअर बघत होते मी! या वयात मला कशाला पाळणा हलवायला लावता!"

मग कुमुदवहिनी जी हसायला लागल्या! पदर तोंडाला लावून, खुर्ची धरून. मग सगळेच. सई रडत हसत माझ्या गळ्यात पडली, बायकांनी मला मिठ्या मारल्या, कोणी पाठीत धपाटे घातले. अविनाशला, मागे कुठेतरी उभा होता तो, पेढ्याचा अर्थ आत्ता लागला आणि त्याने गुच्छामागे तोंड लपवलं.

आणि ग्रेस? ती दारातच उभी. ज्योत्स्ना धावली, "सॉरी, सो सॉरी, मी यांना लगेच घालवते." पण कुमुदवहिनी तिच्याही आधी पोचल्या होत्या. "नारळ आणलाय, तांदूळ आणलेत, वाया कशाला घालवायचे?" असं म्हणून त्यांनी त्या पोरीला खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं आणि तिच्या स्कार्फचा पदर करून सरळ ओटी भरली! कुलकर्णीकाकूंनी लाडू हातात दिला. "खा गं, दोघांचं खायचं असतं."

ग्रेस घळाघळा रडायला लागली. मी म्हटलं, झालं, संपलो आपण. तर ती म्हणाली, "माझी आई न्यूझीलंडला असते. मला वाटलं होतं, आज आम्ही दोघंच असू."

स्कॅनच्या खोलीचं दार तिने मुद्दाम उघडं ठेवायला सांगितलं. आतून ठोके ऐकू आले, धडधड धडधड, कोणीतरी घाईघाईने शिलाई मशीन चालवावं तसे. आमचं मंडळ एवढं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. ज्योत्स्ना बाहेर आली तेव्हा तिचेही डोळे ओले होते. मला म्हणाली, "सॉफ्टवेअर मी निवडते." मी मान हलवली. तिने ते साधं घेतलं, नाव, वेळ, संपलं.

आणि संध्याकाळी ग्रेसने ऑनलाइन रिव्ह्यू टाकला. पाच तारे! ज्योत्स्नाने नाचत वाचून दाखवला. असा प्रेमळ स्टुडिओ कुठे नाही, घरचं माणूस मिळाल्यासारखं वाटलं... आणि शेवटी: "रिसेप्शनवरच्या नीलाचं खास अभिनंदन! या वयात बाळ म्हणजे केवढं धाडस! तिचं अख्खं कुटुंब आनंदाने तिला मिठ्या मारत होतं."

आता काय! सईचा प्रश्न इंग्लिशमध्ये, माझं उत्तर मराठीत. ग्रेसला प्रश्न तेवढा कळला होता!

रिव्ह्यू सगळ्या वॉटफर्डने वाचला. बुकिंग्ज धडाधड यायला लागली, आणि येणारी प्रत्येक मुलगी मला हळूच विचारते, "तुमचं कधी?" शेवटी मी ज्योत्स्नाला म्हटलं, "बाई गं, त्या ग्रेसला कळव ना एकदा, नीला प्रेग्नंट नव्हती म्हणून."

"कळवलं की कालच," ज्योत्स्ना म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, असं कसं होईल? पोट तर मी स्वतः पाहिलं!"